उरलेला अर्धा काप

तुमची कातर अजून वाइसच्या लोखंडी जबड्यातच अडकवलेली आहे. पडवीतल्या टेबलावर, तुम्ही ठेवलीत तशीच. शेजारी तो पत्रा, उजवीकडून अर्ध्यापर्यंत कापलेला, आणि हलू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेली वीट. बाराव्याला माणसांना बसायला जागा हवी म्हणून निखिल ते सगळं उचलायला गेला, तर मी त्याच्या अंगावर ओरडले. पाहुण्यांदेखत. बिचारा तसाच मागे फिरला. आईचं डोकं सध्या ठिकाणावर नाही, असं तो सूनबाईला स्वयंपाकघरात सांगत होता, तेही मी ऐकलं. मग लोक पडवीत त्या टेबलाला वळसा घालून बसले.

आता सगळे गेले. निखिल परत ठाण्याला गेला. जाताना म्हणाला, "आई, मी ओळखीच्या फॅब्रिकेटरला पाठवतो. ग्राइंडर मारला की दोन मिनिटांत पट्टी कापून होते." मी नुसती मान हलवली. खरं सांगू? मी दमले आहे. रडून नाही, बोलून. जो येतो तो हात धरतो आणि विचारतो, कसं झालं हो? मग मी सांगते: सकाळी बरे होते, नाश्ता केला, पडवीत काम करत बसले, मी चहा घेऊन गेले तर खुर्चीत मान टाकलेली, चष्मा कपाळावर. इतक्यांदा सांगितलं की शाळेत एकच धडा चार तुकड्यांना शिकवायचे तसं झालंय. कुठे थांबायचं, कुठे समोरचा हळहळणार, सगळं पाठ आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती. निखिललाही नाही. तुम्ही मला हाक मारली होती.

मी मागच्या खोलीत पोह्याचे पापड लाटत होते. हात तेलाचे, पीठ सुकत चाललेलं. तुम्ही पडवीतून ओरडलात, "गो, ये जरा." मी लाटतच राहिले. मग परत, जरा हळू, "गो, आज ये." मी तिथूनच म्हटलं, "धरायला मीच सापडते का? चाळीस वर्षं धरतेच आहे. थांबा जरा!" तुम्ही तिसरी हाक मारली नाहीत. मला वाटलं रुसलात. रुसू देत, म्हटलं, चहा दिला की येतील ताळ्यावर. उरलेल्या सगळ्या लाट्या मी सावकाश लाटल्या, पापड वाळत घातले, हात धुतले, मग चहा टाकला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही शेजारी उभ्या असतात तरी काही करू शकला नसतात. ते त्यांच्या जागी बरोबर असतील. पण ती हाक माझ्या छातीवर बसली ती बसलीच.

आणि कशासाठी तर मागच्या दारासाठी. घुशीने दाराचा तळ कुरतडला, तांदळाच्या पिंपापर्यंत पोचली, म्हणून दाराच्या खालच्या अंगाला पत्र्याची पट्टी ठोकायची. त्यासाठी तुम्ही पेणला गेलात, माझ्या माहेरच्या आळीजवळच्या त्याच दुकानात. रोह्यात पत्रा मिळत नाही का, असं मी याही वेळी विचारलं. तुमचं उत्तर ठरलेलं. "त्या मानसाला पत्रा गुंडाळायची अक्कल हाय. बाकीचे मोडून देतात." ती गुंडाळी काखेत मारून तुम्ही एसटीतून आलात, घामाघूम, पण खूश. इतके खूश का, ते मला तेव्हा कळलं नाही.

आपल्या घरात पत्रा कापायची तीन कामं. रेघ मारायची, पत्रा धरायचा आणि कापायचा. पहिली दोन माझी. मी गणिताची बाई, म्हणून रेघ माझी. पोलादी पट्टी लावायची, सायकलच्या घासलेल्या तारेने पत्र्यावर ओरखडा काढायचा, एकदाच, दोनदा नाही. आणि धरायचं काम कुणीही करू शकतं, म्हणून तेही माझं. हातात तुमचे जुने पायमोजे घालून मी टोक धरून उभी राहायचे. तुम्ही कापायचात. कंपनीत फिटर म्हणून जन्म गेला, तिथे मोठमोठ्या मशिनी होत्या, पण घरात ग्राइंडर येऊ दिला नाहीत. "ग्राइंडर कापत नाय, जाळतो. जळलेली कड आधी गंजते." मग कातरीचं प्रवचन. तेही मला पाठ आहे. आधी रेघेपासून दोन बोटं लांबून ओबडधोबड कापून घ्यायचं. मग रेघेजवळचा शेवटचा काप, म्हणजे निघणारी पट्टी बारीक असते, ती आपली वळून बाजूला होते आणि खालचा पत्रा सपाट राहतो. पत्रा पात्यांच्या मुळाशी सारायचा, टोकाशी नाही. "आणि कातर पुरी मिटायची नाय गो. मिटली की टोकाशी दात पडतो. अर्ध्यावर थांबायचं, पुढं सारायचं, परत दाबायचं." शेवटी कानस, एकाच दिशेने, पुढे ढकलत. मग कडेवरून तुम्ही अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, आता साडी अडकली तर नाव बदलून ठेव.

नाव कसलं बदलते! पण साडी कधीच अडकली नाही, हेही खरं.

आपलं भांडण रेघेवरून. तुम्ही म्हणायचात, रेघ ठेवून काप, रेघ खायची नाय, मग कानशीने घासत रेघेपर्यंत ये. मी म्हणायचे, मग मी रेघ मारते कशाला? नेमक्या रेघेवर कापा ना. रेघेला जाडी नसते, भूमितीत पहिल्याच धड्यात आहे. तुम्ही तारेचा ओरखडा नखाने दाखवायचात. "तुज्या फळ्यावर नसंल जाडी, माज्या पत्र्यावर हाय." या एका वाक्यावर आपण किती दुपारी घालवल्या असतील? निखिल लहानपणी कान झाकून घ्यायचा. निकाल काही लागला नाही. कातर तुमच्या हातात होती, म्हणून रेघ राहायची, एवढंच.

कातर माझ्या हातात एकदाच आली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, पेणला. बंबामागच्या लाकडी फळीला झळ लागते म्हणून बाबांनी नवा पत्रा आणला होता, आणि जावई फिटर, म्हणून काम तुमच्याकडे. तुम्ही हौसेने कातर माझ्या हातात दिलीत. "बगा, तुमची लेक पन कापते." आई, बाबा, दोन्ही भाऊ, शेजारचे, सगळे बघायला उभे. मी रेघ मारली होती सुरेख. पण कातर लावली आणि रेघ पात्याखाली नाहीशीच झाली. दाबलं, तर पत्रा कापायच्या ऐवजी दोन पात्यांमध्ये घुसून दुमडला. मी आणखी जोर लावला. नवाकोरा पत्रा, त्याची कड दातांनी तोडल्यासारखी झाली. तुम्ही टाळी वाजवून म्हणालात, "बाईंनी पत्रा चावला!" सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसले.

मग ती गोष्ट आपल्या संसाराबरोबर फिरली. कंपनीच्या सहलीत, बारशात, मुंजीत, निखिलच्या लग्नात विहिणबाईंसमोर. फळ्यावर सरळ रेघ मारते आणि पत्रा चावते. तुम्ही सांगायचातही छान, कातर दाबतानाच्या माझ्या तोंडाच्या नकलेसकट. मी दरवेळी हसायचे. पण त्या दिवसानंतर मी कातरीला हात लावला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला ते लागलं होतं. चाळीस वर्षांत मी हे तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीचं काय धरून बसायचं, असं वाटायचं. आणि धरून तर बसलेच होते.

दोनेक वर्षांपूर्वी गागोद्याला तुमच्या पुतणीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, काका, ती पत्र्याची गोष्ट सांगा की. तुम्ही म्हणालात, "सोड रे, जुनी झाली ती." मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं, तुम्ही ती गोष्ट सांगायचीच बंद केलीत. वाटलं, थकलात. त्याच सुमाराला तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काहीच्या बाही विचारायला लागलात. "भाकरी कुठल्या हातानं थापतेस गो?" "नारळ फोडताना कोयता कुठल्या हातात घेतेस?" मी म्हटलं, ज्या हाताला वेळ असेल त्या हाताने. आणि मनात म्हटलं, झालं, आता हेही विसरायला लागले.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या टेबलाकडे नीट पाहिलं. कातरीचा एक दांडा वाइसमध्ये घट्ट आवळलेला, दुसरा मोकळा, वर उचललेला. असं तुम्ही कधीच करत नव्हतात. वाइसला कातर लावणाऱ्याला तुम्ही हसायचात, हातात दम नाही म्हणायचात. तेव्हा मला कळलं, असं मला वाटलं, की तुमची मूठ गेली होती. हाताने कातर दाबवत नव्हती आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. म्हणून हाक मारली होतीत. अर्ध्यावर हात थकला, म्हणून बायकोला बोलावलं, आणि बायको म्हणाली, थांबा जरा. हे मनात आलं आणि मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसले. निखिल धावत आला. त्याला काय सांगणार?

परवा म्हात्रेभाऊ आले, निडीहून. तुमचे गाववाले, तुमचे शिफ्टचे सोबती. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे दहाव्या-बाराव्याला येता आलं नाही, म्हणून अवघडलेले. काळा चष्मा लावून पडवीत आले, खुर्ची ओढली, आणि बसायच्या आधीच टेबलाजवळ थबकले. कातरीच्या मोकळ्या दांड्याला बोट लावून वर-खाली करून पाहिलं.

"लावली व्हय शेवटी," ते म्हणाले.

"काय लावली?"

"कातर. तुमच्यासाठी."

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, मी कातर धरत नाही. मी पत्रा धरते."

"म्हाईत हाय. पन समजा धरायची झाली, तर कुठल्या हातात घ्याल?"

माझा डावा हात आपोआप पुढे झाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. मराठी शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर पट्ट्या मारून पेन्सिल उजव्यात दिली होती. मग पेन उजव्यात, खडू उजव्यात, जेवण उजव्या हाताने, देवापुढची वात उजव्या हाताने. जगाला मी उजवी, मलाही मी उजवीच. फक्त जोराचं काम आलं की तो जुना हात पुढे यायचा, कोयत्याला, बादलीला, कातरीला. हे कुणी मोजलंच नव्हतं. मीसुद्धा.

"ही कातर उजव्या हाताची हाय, वहिनी," म्हात्रेभाऊ म्हणाले. "डाव्या हातात घेतली की वरचं पातं रेघंवर येतं. रेघ दिसतच नाय. नि डाव्या मुठीचा दाब उलटा पडतो, पाती फाकतात, पत्रा मधी शिरून दुमडतो. मोठा फिटर असूं दे, डाव्या हातानं हेच व्हनार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची सून शिवण करते, डावखुरी आहे, तिने डाव्या हाताची कात्री मागवली. तुम्ही गप्पा मारायला गेला होतात तेव्हा ती घरातल्या साध्या कात्रीने दाखवत होती, बघा, यात कापड कसं दुमडतं. "त्ये बगून गप झाला येकदम. च्या पन घेतला नाय. मंग वाटंला लागल्यावर बोलला, म्हात्र्या, चाळीस वर्सं मी हिला हसलो रे, चारचौघांत. मी बोललो, जाऊन सांग, त्यात काय? तर बोलला, तोंडानं नाय जमायचं. करून देतो." युक्ती म्हात्रेभाऊंची. एक दांडा वाइसमध्ये आवळायचा, दुसरा वरून दाबायचा, डाव्या बाजूला उभं राहायचं. पाती फाकत नाहीत, रेघ समोर दिसते. "मंग उजवा हात काय नि डावा काय."

मी म्हात्रेभाऊंना सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, की तुम्ही हाक मारली होती, दोनदा, आणि मी गेले नाही. त्यांनी काळ्या चष्म्याखाली रुमाल घातला, डॉक्टरने चोळू नका सांगितलेलं असताना. मग म्हणाले, "धरायला नसंल बोलावलान. अर्धा काप तुमच्यासाठी ठेवलेला हाय ना हा."

अहो, मला तुमचा राग आला. आधी रागच आला. गोष्ट गावभर सांगायला तोंड होतं, आणि चुकलो म्हणायला नव्हतं? दोन वर्षं मनात ठेवलंत, भाकरीवर पाळत ठेवलीत, पेणचा पत्रा आणलात, वाइस आवळलात, एवढा सगळा खटाटोप. त्यापेक्षा पापड लाटताना येऊन शेजारी बसला असतात आणि एक वाक्य बोलला असतात. मी म्हटलं असतं, जाऊ द्या हो. मग पुढे आपण रेघेवरून भांडलो असतो. पण मी तरी कुठे बोलले? लागलं म्हणून चाळीस वर्षांत एकदा सांगायला हवं होतं. आपण दोघं एकाच पत्र्याची दोन टोकं धरून उभे होतो, आणि बोलायचो ते फक्त पत्र्याबद्दल.

आणि तरी, तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. इतक्या वर्षांत आईने नाही, गुरुजींनी नाही, मीही नाही, कुणीच नीट बघितलं नव्हतं. उशिरा का होईना, तुम्ही बघितलंत. त्यासाठी तुमचे आभार कसे मानायचे, मला येत नाही.

आज सकाळी मी निखिलला फोन करून सांगितलं, फॅब्रिकेटर पाठवू नकोस. तुमचे पायमोजे हातात चढवले. चष्मा पुसला. वीट सरकवली, पत्रा उलट बाजूने फिरवून डावं टोक पात्यांच्या मुळाशी आणलं आणि डाव्या हाताने दांडा दाबला. रेघ दिसत होती. बाकी काही नाही, पण रेघ दिसत होती, ओरखड्याच्या चकाकीसकट, पात्याच्या अगदी पुढे. पत्रा दुमडला नाही. बारीक पट्टी वळून खाली निघाली, तुमच्या हाताखाली निघायची तशीच. अर्ध्यावर थांबायचं, पुढे सारायचं, परत दाबायचं. मी मोठ्याने म्हणत होते. गेटातून शेजारीण बघून गेली, बघू दे.

मी नेमकी रेघेवरून चालले होते. तुम्ही तुमच्या सवयीने रेघ ठेवून कापलं होतंत. त्यामुळे मधे दोन्ही काप समोरासमोर आले तेव्हा एका ओळीत नव्हते. अर्ध्या सुताचा फरक, खिळ्याच्या जाडीएवढा. कानशीने घासलं की जाईल. पण मी तो घासणार नाही. कडेची धार तेवढी काढीन, साडी अडकणार नाही इतपत, आणि पट्टी तशीच दाराला ठोकीन. दाराच्या उजव्या अर्ध्यात तुमचं म्हणणं राहील, डाव्यात माझं. आपलं भांडण मिटलं नाही, आणि आता ते मिटवायची मला घाईही नाही.

दोन्ही काप मिळायच्या आधी शेवटचं बोटभर उरलं होतं. तिथे तुम्ही नेहमी म्हणायचात, आता धर, नाहीतर वजनाने फाटतो. मी थांबले. डावा हात दांड्यावर, उजव्यात पत्रा, आणि पलीकडचं टोक खाली लोंबत होतं. तोंडातून निघूनच गेलं, "अहो, या जरा. धरा."

त्या सकाळी तुम्ही माझी जितका वेळ वाट पाहिली असेल, तितका वेळ मी तशीच उभी राहिले. मग गुडघा वर उचलून टोकाखाली दिला आणि दांडा दाबला.